माझा फ्रिज कोण पुसतं?

१

फ्रिज कसा पुसावा हे मला कुणी शिकवू नये. बाकी सगळं शिकवा. भरतकाम शिकवा, गाडी चालवायला शिकवा, चारचौघांत गोड बोलायला शिकवा. मला यातलं काही म्हणजे काही येत नाही. पण फ्रिज पुसण्यात माझा हात धरणारं अजून कुणी भेटलेलं नाही. म्हणजे तोवर नव्हतं भेटलेलं.

रविवारी सकाळी आधी प्लग काढायचा. मग सामान बाहेर. दूध आणि दही ओल्या टॉवेलात गुंडाळून बादलीत, बाकीचं ओट्यावर. काचेचे कप्पे काढून टेबलावर नुसते ठेवायचे, घाई करायची नाही, कारण गार काचेवर गरम पाणी पडलं की ती तडकते आणि मग नवरा महिनाभर ऐकवतो. कोमट पाण्यात खायचा सोडा. साबण नाही, साबणाचा वास लोण्याला लागतो. मागच्या भिंतीला खाली एक बारीक भोक असतं, पाणी निघून जायला, त्यात कापूस गुंडाळलेली काडी फिरवायची. आणि शेवटी दाराचं रबर. त्याच्या खाचांत जो काळा मळ बसतो तो फडक्याला दाद देत नाही, त्याला दात घासायचा ब्रशच लागतो. मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. औषध कंपन्यांचे नमुन्याचे ब्रश आमच्याकडे ढिगाने येतात. मऊ ब्रश खाचांना, कडक ब्रश बिजागऱ्यांना.

रबर नीट बसतंय का, तेही मी दर वेळी बघते. कागदाची पट्टी दारात धरायची, दार लावायचं आणि पट्टी ओढायची. अलगद निघाली तर समजायचं, रबर गेलं. माझ्या दारातली पट्टी फाटते, पण निघत नाही.

आता एवढं करून घरात कुणाला पत्ता? नवरा टाइल्सच्या दुकानात आहे. दिवसभर गिऱ्हाइकांना चकाकी दाखवतो, पण घरची चकाकी त्याला दिसत नाही. त्याला दिसतं वरच्या मजल्यावरचं घर. तिथे माझे दीर आणि जाऊबाई राहतात. "वहिनीचा ओटा बघ," "वहिनीच्या डब्यांना बघ कशी झाकणं मापात बसतात." अरे, मग तिथेच जाऊन राहा की! मी जळायचे. खोटं कशाला बोलू, जळून खाक व्हायचे.

त्यामुळे त्या बुधवारी संध्याकाळी पाण्याची बाटली काढता काढता तो जेव्हा म्हणाला, "फ्रिज काय झकास लावलायस गं!" तेव्हा मी हातातला कांदा खाली ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. आणि फ्रिजला मी रविवारपासून फडकं लावलेलं नव्हतं.

"मग!" माझ्या तोंडून निघून गेलं. "मी नाही लावणार तर कोण लावणार?"

२

तो आंघोळीला गेल्यावर मी दार उघडून बघितलं.

खरंच सुंदर होतं. रविवारी मी पुसते त्याच्यापेक्षा सुंदर. काचेवर एक डाग नाही. लिंबं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावलेली. अंड्यांवरची घाणसुद्धा पुसलेली, आणि अंडी पुसायचं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मला आधी कौतुक वाटलं नाही. छातीत कळ आल्यासारखं झालं.

मग एक गोष्ट खटकली. दुधाच्या मगाचा कान मागे होता. सुरीचा दांडा मागे. जॅमच्या बरणीवरचं चित्र मागे, माझ्याकडे नुसती कोरी काच. रोज लागणारं सगळं, दूध, लोणी, पाव, अगदी आत, मागच्या भिंतीला टेकवलेलं, आणि कधीतरी लागणारं व्हिनेगर पुढे. माझ्या बाजूने बघितलं तर सगळं गैरसोयीचं. मागच्या भिंतीकडून कुणी हात घालत असतं तर मात्र अगदी हाताशी.

म्हटलं, घाईत लावलं असेल. कुणी? आमच्या घराची दुसरी किल्ली जाऊबाईंकडे असायची. माझी मुलगी दुपारी शाळेतून आली की त्यांच्याकडे थांबायची. तिला आम्ही ठकी म्हणतो. ठकीला काही हवं असलं की जाऊबाई खाली येऊन घेऊन जायच्या. म्हणजे माझ्या माघारी माझ्या घरात शिरायचं, माझं घर आवरायचं आणि वर साळसूदपणे गप्प बसायचं! मला दाखवून द्यायला!

तशीच वर गेले. त्या जिन्यात चपला लावत होत्या.

"ताई, आमचा फ्रिज तुम्ही आवरलात का हो?"

"मी? कशाला गं?"

"नाही, आवरलात तर आवरलात. पण विचारून आवरावं माणसाने."

"अगं, मला माझाच आवरत नाही. आणि मी काय रिकामटेकडी वाटले का तुला?"

"किल्ली तुमच्याकडे असते ना, म्हणून म्हटलं."

 त्या आत गेल्या, किल्ली आणली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "घे बाई. आणि ठकीचं काय ते तुझं तू बघ. उद्या म्हणशील मुलगीसुद्धा मीच फितवते."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली मी. किल्ली मुठीत घट्ट धरून खाली आले. नवरा चिडला, पण मार्ग निघाला. त्याचं दुकान दुपारी बंद असतं. त्याने ठकीला शाळेतून आणायचं, दोघांनी घरीच जेवायचं, आणि त्याची परत निघायची वेळ होईपर्यंत मी दवाखान्यातून यायचं. दुपारी बापलेक घरात, आणि किल्ली आमची आमच्याकडे.

३

सकाळी सगळ्यांच्या शेवटी मी निघते. निघताना फ्रिजच्या दारात, अगदी खाली जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथे, कागदाची पट्टी अडकवायला लागले. दार उघडलं की ती पडणार. पडलेली पट्टी कुणी परत लावली तर कळावं म्हणून मी तिच्यावर, रबराच्या रेषेत, पेन्सिलीची खूण करायचे. दवाखान्यात पेशंटचे एक्स-रे खुणा करकरून लावते मी, हे काय मोठं!

शनिवारी नवरा आणि ठकी एका वाढदिवसाला जाणार होते, शाळेतून परस्पर. म्हणजे दिवसभर घरात कुणी नाही. मी निघताना मधल्या कप्प्यात वाटीभर दूध मुद्दाम लवंडलं. कोथिंबिरीची जुडी सोडून वर विस्कटली. टोमॅटो एक फोडून ठेवला. स्वतःचा फ्रिज स्वतःच्या हाताने घाण करताना काय वाटतं ते सांगता येणार नाही. पट्टी लावली, खूण केली आणि गेले.

परत आले तेव्हा पट्टी होती तशी होती. खूण रबराच्या रेषेत. ओढली तर फाटली.

दार उघडलं. काच लखलखत होती. कोथिंबीर निवडून, देठं एका बाजूला करून डब्यात भरलेली. फुटका टोमॅटो दिसेना. मधोमध एक झाकण लावलेला डबा, आणि त्यात नासपतीच्या फोडी, होडीसारख्या कापलेल्या, प्रत्येकीला सालाचं छोटं शीड.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. डोकं चालवायचा प्रयत्न केला. पट्टी नवी असेल, खूण नवी असेल, नवऱ्याने मध्येच येऊन गंमत केली असेल. पण जो माणूस स्वतःचे मोजे जोडीने ठेवत नाही तो कोथिंबीर निवडेल? आणि दूध मी सांडलंच नसेल तर? वाटी मोरीत होती, तळाला दुधाचा थर होता. सांडलं होतं.

दोघं आले. मी डबा लपवायच्या आत ठकीने बघितला.

"होड्या! बाबा, आईने परत होड्या केल्या!"

परत?

नवऱ्याने एक फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले. "हल्ली तुझ्या हाताला काही वेगळीच चव आहे."

 मी स्वयंपाक केला की तो पेपर वाचत जेवतो. ती होडी खाताना त्याने पेपर खाली ठेवला होता. कोण ही भवानी? माझ्या घरात, माझ्या नावाने, माझ्याच नवऱ्याला खाऊ घालते! आयत्या बिळावर नागोबा ऐकलं होतं, पण हा नागोबा बीळ झाडूनपुसून वर पाहुणचारही करत होता.

"आवडली ना?" मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पहिल्या दिवशीच 'मग!' म्हणून बसले होते.

४

फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. नवऱ्याला सांगितलं की आतला दिवा गेलाय, आणि तो गेलाही होता.

मिस्त्री बडबड्या होता. आल्या आल्या म्हणाला, "ताई, जुना पण मजबूत माल आहे. असे फ्रिज हल्ली मिळत नाहीत आणि अशा पुसणाऱ्याही मिळत नाहीत." हेही कौतुक तिचंच. त्याने बल्ब काढून उजेडात धरला. काच आतून काळी पडली होती.

"हा जळून जळून गेलाय. दार लागल्यावर दिवा चालूच राहत असणार."

"म्हणजे बटण बिघडलंय?"

त्याने दाराजवळचं बटण बोटाने दाबलं, सोडलं, परत दाबलं. "बटण तर ठणठणीत आहे." मग खांदे उडवले. "असेल काहीतरी. मशीनचं काही सांगता येत नाही."

मग त्याने रबरावरून अंगठा फिरवला आणि हसला. "ताई, जरा दमाने घासत जा. आतल्या कडेला पार पातळ झालंय बघा."

मी वाकून बघितलं. मी घासते त्या बाहेरच्या खाचा शाबूत होत्या. दार लावल्यावर जी कड आत राहते, जिथे ब्रश पोचायला मला मान वाकडी करावी लागते आणि म्हणून मी ती नेहमी दोन हात मारून सोडून देते, ती कड घासून घासून गुळगुळीत, पांढरीफेक झाली होती.

"मी नाही घासत तिथे," मी म्हटलं.

"मग काय आतून कुणी घासतं?" तो आपल्याच विनोदावर खूप हसला. मीही हसले. नवा बल्ब लावून तो गेला, आणि मी दार बंद करताना फटीतून बघत राहिले. फट केसाएवढी उरली तरी आत उजेड होता. मग ती फटही मिटली.

५

संध्याकाळी ठकीचे केस विंचरत होते. गुंता सुटेना, माझा हात जरा जोरात गेला.

"आई गं! दुपारी कशी हळू विंचरतेस."

"दुपारी बाबा विंचरतो तुला?"

"बाबा कशाला? तूच."

"मी दुपारी घरी नसते, ठके."

"असतेस की."

"कुठे असते?"

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मोठी माणसं मुद्दाम खुळ्यासारखं विचारतात तेव्हा मुलं बघतात, तसं. "स्वयंपाकघरात," ती म्हणाली. "पण तुझे हात तेव्हा गार असतात. मला आवडतात गार."

 नवरा चहा घेऊन दारात उभा होता. हसत होता.

"पोरीची काय थट्टा लावलीयस? खरं सांगू का, तू दुपारी असतेस ना, तशीच दिवसभर राहत जा. दुपारी कशी शांत असतेस. ओरडत नाहीस, चिडत नाहीस. त्या दिवशी आपण किती बोललो."

"काय बोललो?"

"जाऊ दे, आता लाजू नकोस."

"अरे, मी दवाखान्यात असते! दुपारभर! काउंटरवर!"

"बरं बाई," तो म्हणाला. "दवाखान्यात असतेस." आणि तो आणि ठकी एकमेकांकडे बघून हसले.

मला भीती वाटायला हवी होती. शहाण्या बाईने पोरीला उचलून वर जाऊबाईंच्या पायांवर जाऊन पडायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकच घण बसत होता: काय बोलले? माझ्याशी तर तो भाजी संपली, बिल आलं, एवढंच बोलतो. तिच्याशी काय बोलला? ती लाजली? लाजते कशी ती?

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, "मी काल दुपारी इथेच होते ना?"

"तुम्ही नसता तर माझा दवाखाना चालला असता का?" ते मास्कच्या आतून म्हणाले. मला रडूच आलं. दिवसभरात मी कुठे असते हे ठाऊक असणारा जगात हा एकच माणूस, आणि तोही परका.

६

रविवारी नवरा ठकीला घेऊन बागेत गेला आणि मी कंबर कसली.

प्लग काढला. सगळं बाहेर. सगळं म्हणजे सगळं: कप्पे, जाळ्या, भाजीचा खण, अंड्यांची ताटली, बर्फाचे साचे. फ्रिज नुसता रिकामा पांढरा खोका उरला. आत डोकं घालून बघितलं. मागची भिंत हाताने चाचपली, ठोकली. पत्रा होता, बस्स.

बंद केलेल्या फ्रिजचं दार कधी लावायचं नसतं. हे मी शेजारपाजारच्या बायकांना शंभरदा सांगितलंय. आत वास कोंडतो, बुरशी धरते, म्हणून फटीत फडक्याचा बोळा घालून दार किलकिलं ठेवायचं. त्या दिवशी मी दार लावलं. गच्च लावलं आणि समोर खुर्ची ओढून बसले. बंद पड म्हटलं. अंधारात बस. कोंडून मर.

फ्रिज बंद असला की घर किती गप्प होतं ते इतक्या वर्षांत मला कळलं नव्हतं. नळ गळत होता तो ऐकू आला. वर जाऊबाई खुर्ची सरकवत होत्या. खाली कुणाचीतरी सायकल पडली.

मग ओल्या बोटाने काच घासल्यावर येतो तसा एक आवाज आला. कुईं. थांबला. परत, कुईं, कुईं, लांब लांब हात मारल्यासारखा, डावीकडून उजवीकडे. कप्पे सगळे माझ्यामागे टेबलावर होते. आत पुसायला काही उरलेलंच नव्हतं.

आणि मग ती गुणगुणली. मी एकटी असते तेव्हा काम करताना एक चाल गुणगुणते. ती कुठल्या गाण्याची नाही, माझीच आहे, कुणाला ऐकवायची माझी कधी हिंमत झाली नाही, कारण मला सूर नाही. तीच चाल. तिच्या गळ्यात ती सुरात होती. काय गोड लागत होती! माझ्या अंगावर काटा आला, पण त्याआधी डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. तेवढं एक तरी माझ्याकडे राहू द्यायचं होतं.

मी झडप घालून दार उघडलं. आत कुणी नव्हतं. मागच्या भिंतीवर ओल्या फडक्याचा एक फटकारा होता, नुकताच मारलेला. माझ्या डोळ्यांसमोर तो कडेकडेने वाळत गेला.

दोघं परतले तेव्हा मी दार लावून त्याला पाठ टेकून बसले होते. ठकी धावत आली, मला बाजूला ढकलून तिने दाराला गाल लावला आणि हमसून रडायला लागली. "बंद का केलं? आई, बंद का केलंस?"

मला वाटलं, ती मला विचारते आहे.

नवऱ्याने प्लग लावला. फ्रिज घरघरला. "घर नीट चाललंय ते बघवत नाही का तुला?" तो म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

७

मंगळवारी दुपारी मी डॉक्टरांना सांगितलं, डोकं दुखतंय, घरी जाते. दाढ दुखते म्हटलं असतं तर त्यांनी खुर्चीत बसवलं असतं.

रस्त्यात ऊन होतं, दुकानांचे पडदे खाली ओढलेले. मी भरभर चालले. काय करायचं ते ठरवलं होतं. ठकीला उचलायचं, नवऱ्याचा हात धरायचा, आणि त्या दोघांदेखत तिला विचारायचं की बाई, हे घर कुणाचं? नवरा कुणाचा, पोर कुणाची? एकदाचा सोक्षमोक्ष.

कुलपात किल्ली फिरली, पण दार उघडेना. आतून कडी होती. आणि आतून हसण्याचा आवाज येत होता. नवऱ्याचा, ठकीचा, आणि तिसरा. मी स्वतःच्या घराची बेल वाजवली.

नवऱ्याने दार उघडलं. त्याने बाह्या वर सरकवल्या होत्या आणि केस नीट विंचरले होते. दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की त्याच्या चेहऱ्यावर येतं ते हसू त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"बोला, कोण हवंय आपल्याला?"

मला आधी वाटलं, गंमत करतोय. मी म्हटलं, "अरे, मी आहे." तो तसाच हसत राहिला, मान जराशी तिरकी करून, नाव आठवत नसलं की माणूस थांबतो तसा.

त्याच्या खांद्यावरून मला बोळ दिसत होता, बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर. फ्रिजचं दार सताड उघडं होतं, ते बोळाच्या बाजूला उघडतं, त्यामुळे त्याच्यामागचं काही दिसत नव्हतं. त्याचा उजेड फरशीवर पडला होता. ठकी बुटक्या स्टुलावर त्या उजेडात बसून पाय हलवत होती. तिच्या दोन वेण्या इतक्या सारख्या घातलेल्या मी कधी बघितल्या नव्हत्या. दाराच्या कडेवरून एक हात आला. माझ्या हातावर भाजल्याचा जुना डाग आहे, तो त्या हातावर होता. बोटं पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी पांढरी आणि सुरकुतलेली. हाताने एक फोड ठकीच्या ओठांशी धरली, ठकीने ती खाल्ली, आणि हाताने तिचा गाल पुसला. हळूच, उलट्या बोटांनी.

मी फ्रिजच्या दाराखालच्या फटीकडे बघितलं, तिचे पाय दिसतील म्हणून. फरशी रिकामी होती.

ठकीचं माझ्याकडे लक्ष गेलं. माझी पोर. मी तिला बघून हात पुढे केले. तिने मला नीट निरखलं, मग फ्रिजकडे वळून म्हणाली, "आई, कोणीतरी बाई आल्यात."

"ठके," मी म्हटलं. 

"उन्हातून आलेल्या दिसताय," नवरा म्हणाला. "आत या ना. बसा."

त्याने मला बाहेरच्या खोलीत, पाहुण्यांना बसवतो त्या खुर्चीवर बसवलं. पंखा लावला. आत गेला आणि काचेच्या चांगल्या ग्लासात, खाली ताटली धरून, पाणी घेऊन आला. एवढ्या संसारात त्याने मला पहिल्यांदा पाणी आणून दिलं. मी ते प्यायले. गार होतं, फार गार, दात कळवळले. तो अदबीने समोर उभा होता, रिकामा ग्लास घ्यायला.

आतून माझा आवाज आला. माझाच, पण घाई नसलेला, कुणावर कधी चिडलाच नसेल असा.

"बसा हं. हात पुसते आणि आलेच."

फ्रिजचं दार लागल्याचा मऊ आवाज झाला. ठकी खुदकन हसली. बोळात कुणीतरी चालायला लागलं, ओल्या, अनवाणी पावलांनी.

दार माझ्या मागेच होतं, अजून उघडं. दोन ढांगांवर जिना. पळायला हवं होतं, कळत होतं मला. पण मी पदर सारखा केला, आणि घामाने कपाळाला चिकटलेले केस बोटांनी मागे घेतले. मला बघायचंच होतं, ती दिसते कशी.